तोळ्याचा रुपया

सातपुड्यातल्या दागिन्यांवर लिहा, असा संपादकांचा निरोप होता. नंदुरबारच्या सराफ बाजारात कडी, तोडे बघायचे सोडून मी एका कारागिराच्या फुंकणीपाशीच अडकलो.

तो जुन्या राणीछाप रुपयाला कुंडा झाळत होता. भिल्ल-पावरा बायकांच्या रुपयांच्या हारात प्रत्येक नाणं अशा कुंड्यावर लटकतं. टाकणखार लावायचा, झाळीचा मोहरीएवढा कण ठेवायचा आणि फुंकायचं. झाळ पाण्यासारखी पळाली की ज्योत तिथल्या तिथे बाजूला. क्षणभर रेंगाळलात तर राणीचं नाक गेलं.

राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे नेमका एक तोळा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. हारातले रुपये मोजले की तोळे मोजून झाले, कस विचारायलाच नको. अडीनडीला हारातून एक सोडवावा, बाकीचा हार गळ्यात.

दिवाळीला सराफही आपलं नाणं विकतात. एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला पेढीचं नाव. युक्ती जुनीच. अमेरिकेत बाल्टिमोरच्या स्टँडिश बॅरीनं १७९० साली तीन पेन्सांचं चांदीचं नाणं पाडलं आणि त्यावर स्वतःचं नाव घातलं. पण तो स्वतः चांदीकाम करणारा. इथं कुंडा झाळणाऱ्याचं नाव कशावरच नाही. मला ते खटकलं, त्याला नाही.

"नाव कशाला, भाऊ? कुंडा तुटला की गिऱ्हाईक बरोबर दारात येतं."

त्याची खरी डोकेदुखी वेगळी आहे. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच. आच लागली की तो काळवंडतो. १९४७ चा तर निव्वळ निकेलचा. म्हणून हातात रुपया आला की कारागीर आधी साल बघतो, मग कड. निम्म्या चांदीच्या रुपयाच्या कडेला मधोमध खाच असते. बाजारात पांढऱ्या धातूचे हुबेहूब राणीछापही फिरतात. ते घातलेला हार मोडायला आणला तर कुणी दारात उभं करत नाही. त्यात २०२५ मध्ये चांदी किलोला लाखावर गेली आणि जुने हार मोडीत यायला लागले. कुंडे कापायचं कामही त्याच्याचकडे. झाळीत तांबं-जस्त असतं, नाणं पिढ्यान्‌पिढ्या झिजलेलं असतं. वजनात तूट निघतेच. बाई रुपये मोजून तोळे सांगते, सराफ काट्यावर बोट ठेवतो, आणि दोघंही कारागिराला विचारतात, "तूच सांग, किती धरायचं?"