सिद्धगडची पहाट

दादरला प्लाझा थिएटरजवळ वीर कोतवाल उद्यान आहे. ‘कोतवाल गार्डनपाशी भेटू’ असं म्हणत रोज कितीतरी माणसं तिथे एकमेकांची वाट पाहतात. पण हे कोतवाल कोण, असं विचारलं तर सहसा कुणाला सांगता येत नाही. त्यांची ओळख करून घ्यायची तर मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी जायला हवं.

कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून म्हसा आणि तिथून नारिवली. म्हसा हे पौषातल्या यात्रेचं आणि गुरांच्या बाजाराचं गाव. नारिवली जवळ येते तसा सह्याद्रीचा कडा अंगावर येतो. गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके आभाळात घुसलेले दिसतात आणि त्यांच्या शेजारी सिद्धगड ठाण मांडून बसलेला असतो. हा भाग भीमाशंकर अभयारण्याचा. वाट दाट झाडीतून जाते आणि रानातच हुतात्मा स्मारक समोर येतं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या दोघांनी इथे प्राण दिले.

भाई म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. त्यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, एका नाभिक कुटुंबात झाला. ते शिकून वकील झाले. मुंबईत वकिली करून सुखात राहता आलं असतं. पण ते डोंगरातल्या माणसांकडे परतले. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की इथला शेतकरी आणि आदिवासी सावकाराच्या दारात खावटीसाठी उभा राहायचा. सुगीला ती फेडताना खळ्यावरचं भात सावकाराच्या घरी जायचं. भाईंनी त्यावर धान्यकोठ्यांचा उपाय काढला. सुगीत सगळ्यांनी धान्य जमा करायचं आणि अडीनडीला त्यातून उचलायचं. मुलांसाठी त्यांनी शाळाही काढल्या. पुढे ते भूमिगत झाले तेव्हा या वाड्या-पाड्यांनी त्यांना आसरा दिला. त्या आसऱ्यामागे या कामाची पुण्याई होती.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि देशभर धरपकड सुरू झाली. भाईंनी आझाद दस्ता उभा केला. मानिवलीचे हिराजी पाटील त्यात होते आणि हिराजींचे वडील गोमाजी पाटीलही होते. बाप-लेक एकाच लढ्यात उतरले होते.

त्यांनी नेम धरला तो विजेच्या मनोऱ्यांवर. खोपोली आणि भिवपुरीला पाण्यावर तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांना पुरवली जायची. महायुद्ध चालू होतं आणि ही वीज सरकारच्या कामी येत होती. तिच्या तारा कर्जत-नेरळच्या रानातून जात. दस्त्यातली माणसं अंधारात हॅकसॉ घेऊन मनोऱ्याच्या पायाशी बसत आणि लोखंडी अँगल कापत. निजलेल्या रानात पात्याचा आवाज लांबवर जायचा, म्हणून एक कान सतत वाटेकडे लावलेला असायचा. पाय कापले गेले की तो अवजड सांगाडा तारांसकट कोसळायचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात असे अकरा मनोरे पडले. पन्नास-साठ मैलांवरच्या मुंबईला डोंगरातल्या मूठभर माणसांचा हिसका बसला.

सरकारने भाईंना पकडून देण्यासाठी बक्षीस लावलं. दस्ता रान बदलत बदलत सिद्धगडाच्या आश्रयाला आला. २ जानेवारी १९४३ रोजी, पुरतं उजाडण्याआधीच पोलिसांनी मुक्कामाला वेढा घातला. गोळीबारात हिराजी पाटील पडले. भाईंच्या पायात गोळी घुसली. जखमी अवस्थेतल्या भाईंवर हॉल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने जवळून गोळी झाडली. भाई तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

दर वर्षी २ जानेवारीला पहाटेच्या अंधारात लोक इथे जमतात. थंडी मी म्हणत असते, गवतावर दव असतं, झाडांखाली नीट दिसतही नाही. कड्यामागून हळूहळू उजेड यायला लागतो. ज्या प्रहरी ते दोघे गेले, त्याच प्रहरी त्यांना मानवंदना दिली जाते. लहान मुलांना खांद्यावर घेऊन आलेली माणसं पाहिली की वाटतं, इतिहास जपला जातो तो असा, झोपमोड करून आणि पायपीट करून.

एरवीही इथे अवश्य जावं. मात्र गडावर चढायच्या घाईत स्मारक मागे टाकू नये. तिथे थोडा वेळ गप्प बसावं. परतताना कर्जत-नेरळच्या बाजूने आलात तर लोकलच्या खिडकीतून शेताडीत उभे असलेले विजेचे मनोरे दिसतील. त्यांच्या चार पायांकडे नीट पाहा. रात्रीच्या अंधारात, जिवावर उदार होऊन तिथे बसलेली माणसं तुम्हाला दिसतील. पुढच्या वेळी दादरला कुणाची वाट पाहत उभे असाल आणि शेजारी एखादं लहान मूल असेल, तर उद्यानाच्या पाटीवरचं नाव त्याला वाचून दाखवा. आणि ते कुणाचं आहे, तेही सांगा.