घरगुती वीजवापराचा पर्यावरणीय परिणाम (कोराडी)

घरगुती उपकरणांना लागणारी वीज निर्माण करताना हवा, पाणी व जमीन यांवर जो परिणाम होतो, त्यास घरगुती वीजवापराचा पर्यावरणीय परिणाम म्हणतात. नागपूर जिल्ह्याच्या कामठी तालुक्यातील कोराडी हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

केंद्र

कोराडी औष्णिक विद्युत केंद्र महानिर्मिती कंपनीचे आहे. येथील पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. जुन्या लहान संचांपैकी बहुतेक कालांतराने बंद झाले आणि २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन सुपरक्रिटिकल संच कार्यान्वित झाले. केंद्राची वीज सामाईक जाळ्यात जात असल्याने विशिष्ट घराची वीज कोराडीचीच आहे, असे सांगता येत नाही. राख मात्र निर्मितीच्या ठिकाणीच साठते.

घराचा आकार

मोठ्या घरात थंड करावयाच्या हवेचे आकारमान अधिक असते. उघडे छप्पर व काचेच्या मोठ्या खिडक्या यांमुळे उष्णताही अधिक शिरते. नागपूरचे उन्हाळी तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते. दीड टन क्षमतेचे वातानुकूलन यंत्र ताशी सरासरी सव्वा युनिट वीज घेते असे धरल्यास, रोज ८ तासांप्रमाणे महिन्याला ३०० युनिट होतात. प्रतियुनिट सुमारे ०.७ किलो कोळसा व त्यात ३५ टक्के राख गृहीत धरल्यास २१० किलो कोळसा जळून ७० किलोंहून अधिक राख उरते. खोलीगणिक स्वतंत्र यंत्र बसविल्यास हे प्रमाण त्या पटीत वाढते. कार्यक्षम उपकरणांमुळे झालेली बचत अशा वेळी संख्यावाढीत लोपते.

स्थानिक परिणाम

जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात खसाळा येथील राख तलावाचा बंधारा फुटून राखमिश्रित पाणी परिसरात पसरले. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच प्रस्तावित असून, त्याविषयी मे २०२३ मध्ये पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. केंद्रात नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले जाते. त्यामुळे पेंच प्रकल्पाच्या पाण्यावरील भार हलका होतो.

उपाययोजना

निवासी इमारतींच्या बाह्य आवरणासाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ जाहीर झाली. २०२० पासून खोलीच्या वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक आहे. तारांकन मात्र यंत्राची कार्यक्षमता दर्शविते, घराचा एकूण वापर नव्हे. महावितरणच्या टप्पेनिहाय दरांत अधिक वापरास प्रतियुनिट अधिक दर लागतो.