पर्णरंध्रांचे शेजारी

दौलताबादच्या शिवारात रब्बीची ज्वारी वाढीला लागते, तेव्हा पावसाळा सरलेला असतो. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच पिकाला कणसापर्यंत मजल मारायची असते. हा ओलावा किती दिवस पुरणार, हे बऱ्याच अंशी पानांवरची, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी छिद्रे ठरवतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात.

अन्न तयार करण्यासाठी वनस्पतीला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घेण्यासाठी रंध्र उघडले, की त्याच वाटेने पानातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असे हवेत जाते. म्हणून रंध्र केव्हा उघडायचे आणि किती चटकन मिटायचे, यावर कोरडवाहू पिकाचे बरेच काही अवलंबून असते.

प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात, हे आपण शाळेत शिकलो. त्यांच्यात पोटॅशियम शिरले, की मागोमाग पाणी येते, पेशी फुगतात आणि रंध्र उघडते. पोटॅशियम बाहेर गेले, की पेशी सैलावतात आणि रंध्र मिटते. पण हे पोटॅशियम येते कुठून आणि जाते कुठे?

त्याचे उत्तर शेजारी आहे. अनेक वनस्पतींत रक्षक पेशींना लागून वेगळ्या आकाराच्या सहायक पेशी असतात. किल्ल्याभोवतीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या सीताफळाच्या पानातही त्या रक्षक पेशींना समांतर असतात. ज्वारी, मका, गहू या गवताच्या कुळात तर ही जोडी फारच कार्यक्षम आहे. मक्यात पोटॅशियम आणि क्लोराइड या दोन पेशींमध्ये ये-जा करतात, हे संशोधकांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. रक्षक पेशी फुगत असताना सहायक पेशी आकसते आणि तिला जागा करून देते. रंध्र मिटताना उलट घडते. पोटॅशियमचा साठा अगदी शेजारीच असल्याने ढग आला, ऊन वाढले, तरी रंध्राला लवकर जुळवून घेता येते.

हे शेजारी नसते तर? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये गव्हाच्या नात्यातल्या ब्रॅकिपोडियम या गवतात तेच करून पाहिले. एका जनुकात बिघाड झाल्याने त्या रोपांत सहायक पेशी तयारच झाल्या नाहीत. त्यांची रंध्रे पुरेशी उघडेनात, बदलत्या प्रकाशाला सावकाश प्रतिसाद देऊ लागली आणि रोपांची वाढही कमी झाली.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यात एक कामाची गोष्ट आहे. या सगळ्या देवघेवीचे चलन पोटॅशियम, म्हणजेच पालाश. तो कमी पडला तर रंध्रांची उघडझाप मंदावते. पावसाने ओढ दिल्यावर पोटॅशियम नायट्रेटच्या फवारणीची शिफारस केली जाते, त्यामागचे हे एक कारण. अर्थात फवारणी पाण्याची जागा घेत नाही. माती परीक्षण करून पालाशाची मात्रा आधीच ठरवलेली बरी. उत्पादन वाढवायचे म्हटले की आपले लक्ष बियाणे, खत आणि पाण्याकडे जाते. पाणी जपून वापरणारे पीक निवडताना यापुढे रंध्राशेजारच्या या पेशींकडेही पाहावे लागेल.