कॉम्प्युटर मधेच का थांबतो?

नांगराचा बैल चालता चालता उभा राहिला, तर जाणता शेतकरी लगेच चाबूक उगारीत नाही. आधी तो बघतो. खुरात काटा रुतला आहे का? जू खांद्याला लागते आहे का? बैल तहानलेला आहे का? कारण सापडले की उपाय करता येतो.

कॉम्प्युटरचेही तसेच आहे. तो यंत्र आहे. तो रुसत नाही, त्याला दृष्ट लागत नाही. तो थांबतो तेव्हा त्याला काही तरी कारण असते. ते कारण कसे शोधावे, हे आम्ही आज सांगणार आहोत.

आता कॉम्प्युटर आपल्या दारापर्यंत आला आहे. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबारा त्यावरून मिळू लागला. पीकविम्याचा अर्जही त्यावर भरता येतो. शेवटच्या तारखेला यंत्र थांबले, तर शेतकऱ्याचे नुकसान होते. म्हणून ही माहिती सर्वांनाच हवी.

आमच्या गावची गोष्ट

जिंतूर तालुक्यातल्या आमच्या गावी एक लहानसे वाचनालय आहे. तेथे कोणी तरी दिलेला एक जुना कॉम्प्युटर आहे. संध्याकाळी तेथेच प्रौढांचा वर्ग भरतो. गावातल्या बायकांच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब त्या कॉम्प्युटरमध्ये होता. गावातलीच एक मुलगी तो लिहीत असे.

गेल्या उन्हाळ्यात हा कॉम्प्युटर मधूनच थांबू लागला. पडद्यावरचे चित्र जसेच्या तसे राही. माउस हलवला तरी बाण हलत नसे. कळा दाबल्या तरी अक्षर उमटत नसे. याला सगळे 'हँग झाला' असे म्हणतात.

चार दिवस गेले आणि लोक बोलू लागले. "पोरीनं काही तरी दाबलं असंल." "हिशेबात घोळ असंल, म्हणून उघडंना गेलाय." मुलगी बिचारी रडकुंडीला आली. "गुरुजी, मी उद्यापासून येत नाही," असे म्हणाली.

तेव्हा वर्गातल्या एक मावशी पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "यंत्राला काय ठाव हिशेब कुणाचा हाय ते! कामून बोलता पोरीला? आधी बघा तरी, कवा थांबतंय ते."

मावशींचे म्हणणे आम्हांला पटले. आम्ही एक चाळीस पानी वही आणली आणि कॉम्प्युटरशेजारी दोरीने बांधून ठेवली.

वही कशासाठी?

येलदरीच्या धरणावर पाण्याची पातळी रोज लिहून ठेवतात. एका दिवसाच्या आकड्यावरून फार कळत नाही. पण पुष्कळ दिवसांचे आकडे एकाखाली एक मांडले, की पाणी कसे वाढते, कसे घटते हे दिसते. आमच्या वहीचा हेतू तोच होता.

वहीत आम्ही पाच रकाने पाडले. तारीख. वेळ. कोणते काम चालू होते. लाईट कशी होती. आवाज आला का. कॉम्प्युटर थांबला, की जो तेथे असेल त्याने लिहायचे. वर्गातल्या मंडळींनीच त्या नोंदी लिहिल्या. अक्षरे वाकडीतिकडी होती, पण नोंद खरी होती.

ही युक्ती आमची नव्हे. थोर शास्त्रज्ञही हेच करतात. १९४७ सालची गोष्ट आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे एक मोठे गणकयंत्र होते. ९ सप्टेंबरला ते बिघडले. शोधता शोधता आतल्या एका भागात अडकलेला पतंग सापडला. दिव्यावर झेप घेतो तो पतंग, बरे का! तेथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि खाली तशी नोंद केली. ती वही आजही तेथल्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. यंत्रातल्या दोषाला इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची चाल त्याआधीपासूनच होती. त्या दिवशी मात्र खराच किडा सापडला.

पेटीच्या आत काय असते?

कारण शोधायचे तर आत काय आहे हे थोडे कळले पाहिजे.

आत एक प्रोसेसर असतो. तो घरचा कारभारी. सगळी कामे तो करतो. काम करताना तो तापतो. म्हणून त्याच्या डोक्यावर एक लहान पंखा असतो.

दुसरी असते रॅम. रॅम म्हणजे खळे. चालू काम या खळ्यावर पसरलेले असते. लाईट गेली की खळे रिकामे होते.

तिसरी असते हार्ड डिस्क. ती म्हणजे बळद. आपण 'सेव्ह' केलेला माल बळदात जातो आणि लाईट गेली तरी तेथे राहतो. जुन्या तऱ्हेच्या डिस्कमध्ये तबकडी फिरते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे! अशी तबकडी केव्हा तरी झिजणारच.

चौथी असते पॉवर सप्लायची डबी. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची. आतल्या भागांना १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी वीज लागते. ही डबी वीज बारीक करून देते.

या चारांपैकी कोणी अडले, की कॉम्प्युटर अडतो. कधी हे चारही ठीक असतात, पण आत घातलेला एखादा प्रोग्राम बिघडलेला असतो.

वहीने काय सांगितले?

तीन आठवड्यांत चौदा नोंदी झाल्या. आम्ही सगळे वही उघडून बसलो. चौदांपैकी दहा नोंदी दुपारी एक ते चार या वेळेतल्या होत्या. काम मात्र दर वेळी निराळे होते. लाईटचा रकाना पाहिला. शेजारची पिठाची गिरणी चालू असताना दिवा बारीक होई, पण तेव्हा कॉम्प्युटर थांबला नव्हता.

म्हणजे दोष दुपारचा. आमच्या परभणी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. वाचनालयावर पत्रे आहेत. मग कॉम्प्युटर तापणार नाही तर काय होईल?

आम्ही कॉम्प्युटर रीतसर बंद केला. वायर बोर्डातून काढली. पेटी ओट्यावर नेली आणि बाजूचा पत्रा उघडला. आत धुळीचा थर होता. प्रोसेसरचा पंखा धुळीने भरला होता. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने धूळ काढली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवला, नाही तर तो भलत्याच वेगाने फिरतो आणि बिघडतो. ओले फडके आत मुळीच लावले नाही. मग पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवली आणि खिडकीला ओले पोते न लावता साधा पडदा लावला. दमट हवा यंत्राला चांगली नाही.

पुढे दहा दिवस दुपारी एकदाही कॉम्प्युटर थांबला नाही. सर्वांना आनंद झाला.

पण गोष्ट संपली नव्हती

अकराव्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर पुन्हा थांबला. त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा. तेव्हा गारवा होता. मग काय कारण?

मावशींनी वही मागितली. पहिल्या चौदांपैकी चार नोंदी दुपारच्या नव्हत्या. त्या चार आणि या नव्या दोन अशा सहा नोंदी त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचल्या. सहाही वेळा हिशेबाची फाईल उघडताना यंत्र थांबले होते. आणि आवाजाच्या रकान्यात पाच ठिकाणी एकच शब्द होता, 'टकटक'.

पेटीतून टकटक आवाज येणे आणि एखादी ठरावीक फाईल उघडताना अडकणे, ही हार्ड डिस्क खराब होत असल्याची खूण आहे. बळदाची भिंत ढासळू लागली होती!

अशा वेळी पहिले काम कोणते? दुरुस्ती? नव्हे. आधी माल बाहेर काढायचा, मग भिंत बांधायची. त्याच दिवशी मुलीने हिशेबाची फाईल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. दोनदा अडली, तिसऱ्या वेळी उतरली. एक नक्कल दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर ठेवली. मग बाजाराच्या दिवशी पेटी जिंतूरला दुरुस्तीच्या दुकानात नेली आणि नवी डिस्क बसवून घेतली. नव्या तऱ्हेच्या डिस्कमध्ये फिरणारी तबकडी नसते. तिला एस.एस.डी. म्हणतात.

जुनी डिस्क आठ दिवसांनी जोडून पाहिली, तर ती मुळीच चालू होईना. आम्ही आठ दिवस उशीर केला असता, तर तीन वर्षांचा हिशेब गेला असता. आणि बोल लागला असता त्या मुलीला.

तुमचा कॉम्प्युटर थांबला तर

पहिल्यांदा घाई करू नका. दोन-तीन मिनिटे थांबा. मग कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागतो आणि विझतो का पहा. दिवा बदलला तर यंत्र जिवंत आहे, बहुधा एखादाच प्रोग्राम अडला आहे. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. चालू कामांची यादी येते. अडलेले काम निवडून तेवढेच बंद करा.

दिवा बदलत नसेल आणि बाणही हलत नसेल, तर पूर्ण यंत्र अडले आहे. तेव्हा चालू-बंद करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरा. बोर्डातली वायर ओढू नका. आणि हा उपाय शेवटचा समजा. असे एकाएकी बंद केल्याने लिहिलेले काम जाते आणि फाईलही बिघडू शकते.

मग वहीत लिहा. आणि सोप्या कारणापासून अवघड कारणाकडे जा.

वायर बोर्डात घट्ट बसली आहे का, ते पहा. लाईट कमी-जास्त होते का, ते पहा. तशी होत असेल तर चांगला यू.पी.एस. लावा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

धूळ काढा. पंखे सगळे फिरतात का, ते पहा.

नवे काय घातले, ते आठवा. नवा प्रोग्राम घातल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर तो काढून पहा. कोणाचाही पेन ड्राइव्ह न तपासता लावू नका. त्यातून व्हायरस येतो.

खळ्यावर गर्दी आहे का, ते पहा. ४ जी.बी. रॅमच्या कॉम्प्युटरवर एकाच वेळी पंधरा-वीस पाने उघडली, तर तो अडणारच. नको ती पाने बंद करा. डिस्क काठोकाठ भरली असेल, तर जुने नको असलेले काढा.

एवढे करूनही वेळी-अवेळी थांबत असेल, तर रॅम सैल किंवा खराब असू शकते. विंडोजमध्ये रॅम तपासण्याची सोय आहे. ती जाणत्याकडून करून घ्या.

पॉवर सप्लायची डबी मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात काही वेळ वीज साठून राहते. ते काम कारागिराचे.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. एका वेळी एकच बदल करा आणि मग काही दिवस वाट पहा. चार औषधे एकदम घेतली, तर कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही.

आणि जे जपायचे आहे ते दोन ठिकाणी ठेवा. काम करताना दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस या कळा दाबून सेव्ह करा. बियाणे कोणी एकाच मडक्यात ठेवत नाही.

आमच्या वाचनालयातली वही अजून तेथेच दोरीला बांधलेली आहे. ती मुलगी आजही हिशेब लिहिते. ज्यांनी तिला बोल लावला होता, त्यांतले एक काका परवा वही चाळत होते. ते म्हणाले, "गुरुजी, लिहिलेलं होतं म्हणून कळलं. न्हाई तर आपण नुसतंच भांडत बसलो असतो."