बोलक्या कापडाला अबोल टाका

गोधडी मुळात तुकड्यांचीच. जुन्या लुगड्या-धोतरांतून धड निघेल तेवढं जोडायचं, म्हणून तिची ठिगळं लहान. पण कुणाला भेट द्यायला मुद्दाम ठसठशीत छापाचं नवं कापड आणलं, की हा हिशेब उलटा होतो. कापड आधी पाहायचं, नक्षी मागून ठरवायची.

भाचीच्या बाळाच्या दुपट्यासाठी मी घेतलेल्या कापडावर ९ इंची हत्ती होते, लालभडक झुलीसकट. ४ इंची चौकोन कापले असते, तर एका तुकड्यात सोंड आणि दुसऱ्यात शेपूट! मी १२ इंची ९ चौकोन कापले. प्रत्येकात एक अख्खा हत्ती. मधून आणि कडेनं साध्या निळ्या पट्ट्या, कारण डोळ्यालाही विसावा लागतो. शिवणीत गेलेलं सोडून ४१ इंची चौरस दुपटं झालं. टाका साधा धावदोरा, कडेकडून आत. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेकडून मध्याकडे शिवली जाते.

वाद झाला तो आईच्या लुगड्यावरून. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं, तिचं हेच एक उरलेलं. ताईला त्याचे तुकडे हत्तींच्या शेजारी हवे होते. माझं म्हणणं, त्या भडक लालापुढे तो विटका जांभळा दिसणारही नाही. शेवटी लुगडं खालच्या बाजूला लावलं, मधे एकही जोड न देता. हत्ती बघणाऱ्यांसाठी; पणजीची ऊब बाळाच्या अंगाला.