राखेचा खरा रंग

चेन्नईच्या उत्तरेस कोसस्थलैयार नदी सागराला मिळते, तेथे एन्नोरची खाडी आहे. औष्णिक वीजकेंद्रांची राख वर्षानुवर्षे या खाडीत साचत आली. २०१७ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या, टी. एम. कृष्णा यांनी गायिलेल्या ‘चेन्नई पोरम्बोक्कु पाडल’ या गीताचे चित्रण येथेच झाले. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर खाडीत तेल पसरले, तेव्हा पाण्यावरचा काळा थर चित्रफितींतूनच दूरच्या लोकांना दिसला. अशा ठिकाणी रंग ही केवळ शोभेची बाब नसते. रंग हा साक्षीदार असतो.

परंतु हा साक्षीदार कधी कधी साक्ष फिरवतो. संकलनाच्या वेळी ठसठशीत दिसणारे चित्र अंतिम फाईल उघडताच फिकट दिसते, अथवा त्यातील सावल्या काळोखात बुडतात. असे का व्हावे?

याचे मूळ आकड्यांत आहे. आठ बिटांच्या चित्रात प्रकाशाच्या ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. संगणकाचा पडदा त्या साऱ्या वापरतो. दूरचित्रवाणीच्या परंपरेत मात्र काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर मानला जातो. दूरचित्रवाणीच्या मापाने लिहिलेली फाईल संगणकाच्या मापाने वाचली, तर काळे तेल राखाडी दिसते. उलट घडले, तर गडद राख आणि तेल एकाच काळोखात मिसळून जातात. रंगांचेही तसेच. जुन्या दूरचित्रवाणीचे ६०१ आणि हाय डेफिनिशनचे ७०९ या मानकांची अदलाबदल झाली, की हिरवे-तांबडे रंग किंचित सरकतात.

अशा वेळी चित्र पुन्हा गडद वा उजळ करण्याचा मोह आवरावा. चूक वाचण्यात असेल, तर ही दुरुस्ती इतर पडद्यांवर चित्र अधिकच बिघडवते. प्रथम तयार फाईल संकलनाच्या त्याच प्रणालीत परत आणून मूळ चित्राशेजारी ठेवावी. दोन्ही जुळली, तर दोष बहुधा फाईल दाखवणाऱ्या प्रणालीत असतो. न जुळल्यास पातळीचे माप आणि रंगमानक आरंभापासून अखेरपर्यंत एकच आहे का, व त्याची खूण फाईलवर उमटली आहे का, हे तपासावे. मग दहा सेकंदांचा नमुना संगणक, फोन आणि दूरचित्रवाणी अशा तिन्ही ठिकाणी पाहून घ्यावा.

खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याला पाण्याचा रंग यंत्रावाचून कळतो. दूरच्या प्रेक्षकाला तो चित्रावरूनच कळायचा. म्हणून ते चित्र प्रामाणिक असले पाहिजे.