गळ, डोह आणि नोंदवही

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. काठावर उभे राहून मूठभर कुरमुरे पाण्यात टाकले की आधी बोटभर पिले वर येतात, मग हातभर मासे, आणि शेवटी तळातून थोरली काळसर पाठ संथपणे वर येते. डोह वरदायिनी देवीचा, म्हणून मासेही देवीचे. तिथे कुणी गळ टाकत नाही, जाळे लावत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसेश्वराच्या डोहालाही अशीच राखण आहे. मासेमारीचे नियम म्हटले की आपल्याला सरकारी कागद आठवतो. पण नदीचा एक तुकडा कायम राखून ठेवायचा, हा शहाणपणाचा नियम आपल्याकडच्या गावांनी श्रद्धेच्या आधाराने केव्हाच घालून घेतला होता.

या डोहांतला मानकरी म्हणजे महाशीर. कर्नल विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा आपला अभ्यास 1839 च्या सुमारास प्रसिद्ध केला. त्यात पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे वर्णन आहे. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ आहे. त्यातले ‘खुद्री’ सायक्सने इथल्याच लोकांच्या तोंडून घेतले. निळसर परांचा हा मासा जगाच्या शास्त्रात गेला तो पुण्याच्या पाण्यातून, मराठी नाव घेऊन.

लोणावळ्याची पिले, कावेरीचा धडा

पावसाळ्यात महाशीर प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात अंडी घालतो. वाटेत धरण आले की त्याची वाट खुंटते. चढणीच्या माशाला सुरुंग आणि विष हेही जुने शत्रू. 1970 च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर या माशाचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी ते तंत्र बसवले. पावसाळ्यात ओढ्यांच्या मुखाशी येणारे पिकलेले मासे अलगद धरायचे, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, नराच्या रेताने ती फळवायची आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. तीन-चार दिवसांत पिले बाहेर येतात. इथली लाखो पिले देशभरच्या पाण्यात गेली. निळ्या परांच्या महाशीरचा धोका कमी झाल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2018 मध्ये नोंदवले.

गोष्ट इथेच संपली असती तर ती निव्वळ यशाची झाली असती. हीच पिले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा. उंच पाठीचा, नारिंगी परांचा आणि आकाराने अवाढव्य. 1946 मध्ये कावेरीला मिळणाऱ्या काबिनी नदीत गळाला लागलेला महाशीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा होता. गळाच्या शौकिनांसाठी कावेरीकाठच्या अभयारण्यात गॅलिबोरसारखे तळ होते. पकडलेला प्रत्येक मासा जिवंत परत सोडायचा आणि त्याची नोंद करायची, हा तिथला दंडक. संशोधक अॅड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी 1998 ते 2012 या काळातल्या त्या नोंदी तपासल्या. निळ्या परांचे मासे वाढत गेले होते आणि उंच पाठीचा मूळ रहिवासी जवळजवळ दिसेनासा झाला होता. हा शोधनिबंध 2015 मध्ये आला. 2018 मध्ये या माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

या घटनेतून मला दोन गोष्टी दिसतात. एक, मासे सोडणे हे पुण्य असले तरी कुठल्या नदीत कुठला मासा सोडायचा, याला शास्त्र लागते. दुसरी अधिक महत्त्वाची. नदीतला हा ऱ्हास उघडकीला आला तो गळवाल्यांच्या वहीतून. वन्यजीव कायद्याच्या अंमलबजावणीमुळे 2012 मध्ये अभयारण्यातली गळमासेमारी थांबली, आणि तिच्याबरोबर त्या नोंदीही थांबल्या.

गळ टाकण्यापूर्वी

देशातला मूळ कायदा 1897 चा भारतीय मत्स्य अधिनियम. पाण्यात स्फोटके उडवून किंवा विष कालवून मासे मारणे हा त्यानुसार गुन्हा आहे. मासेमारी हा राज्यांचा विषय असल्याने पुढचे नियम राज्यागणिक बदलतात. हिमाचलात मत्स्य विभाग परवाना देतो, आणि ट्राउटच्या विणीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी गळ बंद असतो.

महाराष्ट्रात पहिला प्रश्न विचारायचा तो पाणी कुणाचे. बहुतेक धरणांच्या जलाशयांतला मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तो मासा हे कुणाच्या तरी घरचे पोट आहे. म्हणून पवना असो, भाटघर असो की उजनी, आधी संस्थेला आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारावे. वळवण आणि मुळशी ही टाटांची धरणे, तिथे त्यांची परवानगी हवी. कोयना आणि नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यांत वन विभागाच्या परवानगीशिवाय गळ काढूच नये. देवाच्या डोहात तर कुणाला विचारण्याचाही प्रश्न येत नाही.

नवख्याने सुरुवात उजनीवर करावी, असे मी सुचवेन. तिथे चिलापी उदंड आहे. ती परदेशातून आलेली आणि आपल्या माशांची जागा बळकावणारी जात, त्यामुळे संस्थेच्या परवानगीने धरलेली चिलापी खुशाल घरी न्यावी. कोकणात खडपावर बसून गरवायचे तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघावी. तांबोशी, गोब्रा यांच्या नादात पाठीमागे चढणारे पाणी ध्यानात येत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात बंदी असते. किनाऱ्यावरच्या गळवाल्याला ती लागू नसली तरी हा माशांच्या विणीचा काळ, आणि खवळलेल्या समुद्राचाही. या दिवसांत गळाचा तंगूस गुंडाळून ठेवावा. नदीवरही तोच संयम हवा, कारण पोटात अंडी घेऊन चढणारा एक मासा मारला तर त्या ओढ्याची पुढची पिढीच मारली जाते.

महाशीर गळाला लागलाच तर सोडून द्यावा. गळ उलटा काटा नसलेला घ्यावा, हात ओले करावेत, मासा पाण्याबाहेर फार वेळ धरू नये. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः निसटेपर्यंत आधार द्यावा.

आणि वही ठेवावी. तारीख, जागा, किती तास बसलो, कुठला मासा, केवढा, ठेवला की सोडला. परवाना देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेने अशी नोंदवही सक्तीची करावी आणि वर्षाअखेर ती परत मागून घ्यावी, अशी माझी मागणी आहे. आपल्या किती नद्यांत आज कुठला मासा उरला आहे, हे सांगायला काठावर तासन् तास बसणाऱ्या माणसाइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही. या दिवाळीनंतर पाणी निवळेल, तेव्हा गळाबरोबर एक वही आणि पेन्सिलही पिशवीत टाका.